चुरी सरांच्या टिकल्या

ताप आलेल्या माणसाचं अभिनंदन करणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. पालघरला आमच्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवणारे चुरी सर.

गळ्याभोवती मफलर गुंडाळून, कपाळाला बाम चोळून कुणी रजेचा अर्ज द्यायला स्टाफरूममध्ये आलं, की आम्ही बाकीचे "अरेरे" म्हणायचो, कुणी काढ्याची कृती सांगायचं. चुरी सर मात्र ताडकन उठायचे, त्या माणसाचा कढत हात आपल्या दोन्ही हातांत धरून जोरजोरात हलवायचे आणि म्हणायचे, "अभिनंदन! निरोप पोचला!"

नवा माणूस भाबडेपणाने विचारायचा, "कसला निरोप?" जुनी माणसं हा प्रश्न विचारत नसत. विचारला की पुढचा तास बुडायचा.

एकदा आमच्या प्राचार्यांच्या सासूबाई न्यूमोनियाने दवाखान्यात होत्या. आम्ही काही जण मोसंबी घेऊन भेटायला गेलो. चुरी सर पेढे घेऊन आले. खाटेच्या पायथ्याशी लावलेला तापाचा तक्ता त्यांनी चष्मा कपाळावर चढवून वाचला आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला. "एकशे तीन! आजी, या वयात एकशे तीन! अहो, आमच्या विद्यार्थ्यांना जमत नाही!" आजींना वाटलं आपण परीक्षेत पास झालो. त्यांनी पडल्या पडल्या पेढा मागितला. प्राचार्य खिडकीतून बाहेर बघत राहिले. आजी पुढे ठणठणीत बऱ्या झाल्या आणि दर दिवाळीला 'त्या पेढेवाल्या मास्तरांना' फराळाचा डबा पाठवू लागल्या. प्राचार्यांना तो डबा स्वतः आणून द्यावा लागे, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून ते आम्हाला लांबूनच कळे.

सर उंच, काटकुळे. पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट. लोक खिशाला पेन लावतात, यांच्या खिशात खडू. लाल, पिवळा, निळा. त्यामुळे शर्टाचा खिसा कायम रंगपंचमीचा. माणसांची नावं त्यांच्या लक्षात राहत नसत, म्हणून ते आम्हाला विषयाने हाक मारत. "काय भूगोल, चहा झाला?" "अर्थशास्त्र, जरा खिडकी लावा." मी इतिहास. आजही कुणी मोठ्याने "इतिहास!" म्हटलं की माझी मान वळते.

त्यांचा सगळा जीव एकाच गोष्टीत अडकला होता. आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींना बाहेरची बातमी आत कशी कळते, ही ती गोष्ट.

"इतिहास, तुम्ही मला सांगा," ते खुर्ची ओढून जवळ येत. "जंतू आला पेशीच्या दाराशी. आत तर आला नाही. मग आत बसलेल्यांना कळलं कसं?"

"कसं?" मी म्हणायचो, कारण सुटका नव्हती.

"कुंकवाने!"

मग ते समजावून सांगत. पेशीच्या आत प्रोटीनं असतात, गावभर माणसं असावीत तशी. नुसती बसलेली. दाराची कडी वाजली की दारापाशी बसलेलं प्रोटीन दुसऱ्या प्रोटीनला फॉस्फेटचं एक बारकंसं कुंकू लावतं. ते लागलं की दुसरं जागं होतं आणि तिसऱ्याला लावतं, तिसरं चौथ्याला. असं करत करत बातमी पार आतल्या माजघरापर्यंत जाते आणि तिथून हुकूम सुटतो, सैन्य काढा, ताप चढवा, सूज आणा. "माणूस तोच, प्रोटीन तेच! फक्त कपाळावर एवढंसं काहीतरी लागलं, की बसलेला उठतो!" बाकीच्या खुणाही असत. एखाद्या प्रोटीनला मोडीत काढायचं असेल तर पेशी त्याच्यावर तशी खूण करते. "बोईसरला कारखान्याच्या फाटकाबाहेर भंगारात काढलेल्या पिंपांवर खडूने फुली मारतात की नाही? अगदी तश्शी!" पण सरांचा खरा लोभ कुंकवावर. विद्यार्थी त्यांना पाठीमागे 'कुंकू सर' म्हणत, आणि हे सरांना माहीत होतं. त्यांना त्यात काही वावगं वाटत नसे.

सर राहायचे एडवणला, समुद्राकाठी. रोज एस.टी.ने पालघरला येत-जात. घरी एक मोठी बहीण आहे, लग्न केलेलं नाही, आमची माहिती एवढीच. एस.टी.तसुद्धा त्यांचं चालूच असे. कंडक्टर मागून दोरी ओढतो, पुढे घंटी वाजते, ड्रायव्हरने मागे न बघता गाडी निघते, यात त्यांना पेशीचं सगळं तत्त्वज्ञान दिसायचं. त्यांनी ते कंडक्टरला इतक्या वेळा सांगितलं, की शेवटी तोच दोरी ओढताना ओरडायला लागला, "चला, निरोप पोचला!"

त्यांची कीर्ती बोईसरपर्यंत गेली. तिथल्या एका रंगाच्या कारखान्यात सुरक्षा सप्ताह होता. कामगारांच्या हातांना खाज सुटते, त्यावर कुणी तरी स्वच्छतेचं महत्त्व सांगावं, असं मॅनेजरच्या मनात होतं. बोलावलं चुरी सरांना. मी सोबत गेलो, कारण तिथे जेवण चांगलं मिळतं असं भूगोलाने सांगितलं होतं.

समोर शेजारच्या सालवडच्या वस्तीतून आलेले कामगार, बहुतेक हिंदी बोलणारे. सरांनी मनाचा हिय्या करून हिंदी काढलं. "देखो, तुम्हारे चमडी के अंदर पहारेकरी रहता है. रंग का कण आया, की उसके प्रोटीन को तिलक लगता है."

"तिलक लगा के लड़ाई पे जाता है, साहब?" पुढचा एक जण म्हणाला.

सर हर्षभरित झाले. "बिल्कुल! बिल्कुल लड़ाई! और एक बार पहचान लिया, तो जनमभर भूलता नहीं. साबुन से कितना भी धोव, वो भूलता नहीं. इसलिए कण चमडी तक आना ही नहीं चाहिए. हाथमोजा चाहिए! रबर का हाथमोजा!"

मॅनेजर खुर्चीत चुळबुळले. मागून कुणीतरी विचारलं, "साहब, हमारे ठेकेदार को तिलक कब लगेगा? वो भी बैठा रहता है."

हशा झाला. सरांना विनोद कळलाच नाही. ते गंभीरपणे म्हणाले, "उसको निरोप पोचना चाहिए. कडी बजाव. जोर से बजाव!" त्यावर जी कडी वाजली, ती पुढे बरेच दिवस वाजत होती म्हणतात. कारखान्यात रबरी हातमोजे आले. सरांना मात्र त्यानंतर बोलावणं आलं नाही. "कार्यक्रम चांगला झाला," असं सर वर्षभर सांगत होते.

इथवर माझ्या लेखी चुरी सर ही एक मजेची गोष्ट होती. घरी आलो की मी सुलभाला, म्हणजे माझ्या बायकोला, त्यांची नक्कल करून दाखवायचो आणि ती शिवणयंत्रावर डोकं ठेवून हसायची.

सुलभा शिवण शिकवायची. आमच्या पुढच्या खोलीत तीन यंत्रं होती, दुपारी पोरींचा वर्ग भरायचा, आणि ब्लाउजच्या बाबतीत तिच्या हाताला पालघरात तोड नव्हती. त्या हिवाळ्यात तिची बोटं आखडायला लागली. सकाळी उठली की मूठ मिटायची नाही. चहाचं भांडं ती दोन्ही मनगटांत धरून उतरवायची. ऊन वर आलं की जरा सैल व्हायची. आम्ही म्हटलं, गारठा आहे, जाईल. मधे चार दिवस गारठा ओसरला, तरी बोटं सुजलीच. यंत्रात दोरा ओवायचं काम ती पोरींकडून करून घ्यायला लागली. मग एकेक करून पोरी यायच्या थांबल्या, आणि यंत्रांवर आम्ही चादर टाकली. सुलभा त्याबद्दल काही बोलत नसे. ती मुळातच दुखण्याबद्दल बोलणारी नव्हती. डॉक्टरचं नाव काढलं की म्हणायची, "संक्रांत होऊ दे."

संक्रांतीचं हळदीकुंकू तिने हट्टाने केलं. घरात वीसेक बायका. मी अर्थातच स्वयंपाकघरात दडून बसलो होतो. तेवढ्यात दारात चुरी सर. माझ्याकडून नेलेलं शिवकालीन किल्ल्यांवरचं पुस्तक परत द्यायला आले होते. बायका बघून ते उंबऱ्यावरूनच परत फिरणार, इतक्यात आमच्या शेजारच्या पाटकरकाकू सुलभाला म्हणाल्या, "अगं, तिळगुळाचा डबासुद्धा उघडत नाही का तुला? निर्गुडीचा शेक घे. माझ्या जावेची बोटं अशीच धरली होती."

दुसरी म्हणाली, तांब्याची अंगठी घाल. तिसरीने कुठल्याशा तेलाचं नाव सांगितलं.

सर उंबऱ्यावर थांबले. "वहिनी, बोटं सकाळी आखडतात?"

"हो."

"दोन्ही हातांची? सारखीच?"

"हो, सारखीच. का हो?"

सर काही क्षण गप्प उभे राहिले. चुरी सर गप्प, हे मी पहिल्यांदाच बघत होतो. मग त्यांनी चपला काढल्या, आत आले आणि म्हणाले, "सगळ्या जणी एका ओळीत बसा बघू."

मास्तरांच्या आवाजात कुणी सांगितलं की आपल्याकडे बायका काय, मंत्रीसुद्धा ओळीत बसतील. बसल्या. सरांनी कुंकवाचा करंडा उचलला आणि दाराजवळच्या बाईच्या हातात दिला. "तुम्ही पेशीचं दार. घंटी वाजली, की शेजारणीला कुंकू लावायचं. ज्यांना लागेल त्यांनी पुढच्या बाईंना लावायचं. शेवटी पाटकरकाकू. काकू, ही थाळी, हा डाव. तुम्हाला कुंकू लागलं की थाळी वाजवायची. चोर आला रे, म्हणून. कळलं? आता जंतू कोण?"

त्यांची नजर फिरली आणि स्वयंपाकघराच्या दारात माझ्यावर स्थिरावली.

इतिहासाचा प्राध्यापक मी, बायकोच्या हळदीकुंकवाच्या दिवशी, स्वतःच्या घराबाहेर जंतू म्हणून उभा राहिलो आणि घंटी दाबली. आत कुंकू सरसर पुढे गेलं. पाटकरकाकूंनी थाळीवर असा डाव हाणला, की समोरच्या इमारतीतले लोक गॅलरीत आले. बायका हसून हसून वाकल्या.

"शाब्बास! निरोप पोचला! चोर पळाला! आता थाळी थांबवायची," सर रंगात आले होते. "ती आपोआप थांबत नाही. त्यासाठी पेशीत दुसरी मंडळी असतात. त्यांचं काम एकच. चला, ज्यांना कुंकू लागलंय त्यांनी ते पुसा!"

बायकांचे हात कपाळाशी जाता जाता थांबले. बांगडीसुद्धा वाजली नाही.

"अहो सर!" पाटकरकाकू डाव उगारून उभ्या राहिल्या. "सणासुदीच्या दिवशी, सवाष्णींच्या घरात, हे काय अभद्र बोलता तुम्ही!"

सरांना आधी कळेचना काय चुकलं. कळलं तसे ते पांढरेफटक पडले. "मी... मी फॉस्फेटबद्दल बोलत होतो," एवढंच ते पुटपुटले. दोन बायका वाण न घेताच उठल्या. सर चपला शोधायला लागले.

वाचवलं सुलभाने. ती कपाटातून टिकल्यांचं पाकीट घेऊन आली. "सर, बसा. टिकल्यांनी करू. टिकली आम्ही रोज रात्री काढून आरशाला लावतोच की. त्यात अभद्र काही नाही. हो ना काकू?"

काकूंनी विचार केला. त्यांच्याही कपाळावर टिकलीच होती. "हं. आरशाला लावायला हरकत नाही," त्या म्हणाल्या आणि पुन्हा थाळी घेऊन बसल्या.

"वहिनी!" सरांचा आवाज फुटला. "टिकली! लागते आणि निघते! आणि पुन्हा लागते! हे एकाही पुस्तकात नाही!" त्या दिवसापासून कुंकू हा शब्द त्यांनी आयुष्यात उच्चारला नाही. फॉस्फेट म्हणजे टिकली.

खेळ पुन्हा सुरू झाला. मी पुन्हा बाहेर. घंटी, टिकल्या, थाळी. एक बाई आरसा घेऊन ओळीने टिकल्या काढत गेली आणि थाळी थांबली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग सर म्हणाले, "आता टिकली काढणारी रजेवर. इतिहास, घंटी!"

या खेपेला थाळी थांबली नाही. काकूंना त्यात भलताच आनंद व्हायला लागला होता. मी आत आलो, चोर नाही, दार बंद, तरी त्या वाजवतच होत्या. कुणाचं बोलणं कुणाला ऐकू येईना. डाव वाकला. थाळीला पोचा आला. त्या गोंगाटात सर सुलभासमोर खाली बसले आणि तिच्या सुजलेल्या बोटांकडे हात करून म्हणाले, "वहिनी, तुमच्या बोटांत हे चाललंय. जंतू कुणी नाही. गारठाही नाही. आपलीच माणसं आपल्याच सांध्यावर थाळी वाजवत बसलीत आणि थांबवणारं कुणी नाही. निर्गुडीने हे थांबणार नाही. मुंबईला चला. या आठवड्यात चला."

काकूंनी डाव खाली ठेवला. सुलभाने आपले हात पदराखाली घेतले. "नंतर बघू," ती म्हणाली.

"नंतर नाही," सर म्हणाले.

सुलभा गेली नसतीच. मला सांगायला संकोच वाटत नाही, मीही टाळलंच असतं. मुंबईचं मोठं हॉस्पिटल म्हणजे काय काय निघेल, याची दोघांनाही धास्ती होती. पण दुसऱ्या दिवसापासून सर रोज संध्याकाळी एस.टी.च्या आधी आमच्या दारात उभे. आत येत नसत. घंटी वाजवायचे आणि विचारायचे, "ठरलं?" आम्ही नाही म्हटलं की "बरं" म्हणून जायचे. शेवटी सुलभाच कंटाळून म्हणाली, "चला बाई एकदाचं, नाहीतर ही घंटी मला झोपेतसुद्धा ऐकू येईल."

हॉस्पिटलात सर आमच्याबरोबर आले. बाहेरच्या बाकड्यावर बसलेल्या ताप आलेल्या दोन अनोळखी माणसांचं अभिनंदन करून झालं. तपासणाऱ्या डॉक्टरीण तरुण होत्या, चटपटीत होत्या. त्यांनी सुलभाची बोटं एकेक करून दाबून पाहिली. सरांना राहवेना. त्यांनी पांढऱ्या पेशीपासून सुरुवात केली आणि टिकली काढणारीपर्यंत आले. डॉक्टरीणबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "पेशंट कोण आहे? तुम्ही?"

"मी प्राध्यापक आहे."

"मग जरा बाहेर बसता का, प्राध्यापक?"

सर बाहेर बसले. पण तपासण्या झाल्यावर बाई जे बोलल्या ते तेच होतं, फक्त टिकल्या नव्हत्या. शरीर स्वतःच्याच सांध्यांशी भांडतंय, पूर्ण जाणार नाही, पण धरून ठेवता येईल. मग त्या सुलभाला म्हणाल्या, "लवकर आलात, हे फार बरं केलंत. बोटं अजून सरळ आहेत." बाहेर येऊन मी हे सरांना सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, शर्टाला पुसला, त्यामुळे काचांना खडू लागला, आणि तसाच घालून ते म्हणाले, "चला, गाडी चुकेल."

औषधं लांबली. त्रास झाला, पोट बिघडलं, गोळ्या बदलाव्या लागल्या. अधूनमधून सुलभा चिडायची, रडायची. पण पुढचा पावसाळा सरेपर्यंत सूज उतरली. एके दिवशी मी कॉलेजातून आलो तर यंत्रावरची चादर काढलेली होती आणि सुलभा सुईत दोरा ओवत होती. तीन वेळा हुकला. चौथ्यांदा गेला. तिने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "रविवारी पुरणपोळ्या करते. चुरी सरांकडे घेऊन जाऊ."

"कळवायला हवं. ते कुणाला घरी बोलावत नाहीत."

"म्हणूनच कळवायचं नाही."

रविवारी दुपारी आम्ही एडवणला उतरलो. पोळ्या तिने स्वतः लाटल्या होत्या. काही फाटल्या होत्या, तरी त्या तिने डब्यात तळाशी लपवून आणल्याच होत्या. नारळीपोफळीतून वाट होती, वाडीच्या टोकाला कौलारू घर. पडवीत एक बाई खुर्चीवर बसल्या होत्या आणि त्यांच्या मागे उभे राहून चुरी सर त्यांचे केस विंचरत होते. दातात फीत धरलेली. आम्हाला बघून त्यांनी ती तोंडातून काढली आणि म्हणाले, "इतिहास! ताप आला का?"

"आज नाही," मी म्हणालो.

"ही आक्का," सर म्हणाले आणि एकदम काही सुचेनासं होऊन "शहाळी आणतो" म्हणून मागच्या वाडीत गेले.

आक्कांची बोटं मी पाहिली. सगळी एकाच बाजूला झुकली होती, वाऱ्याने झाडं झुकावीत तशी, आणि आता ती सरळ होणार नव्हती. पण डोळे लख्ख होते. "तुमीच त्या का टिकलीवाल्या?" त्यांनी सुलभाला विचारलं. "रोज सांगतो तुमचं. दाखवा बगू बोटं."

सुलभाने हात पुढे केला. आक्कांनी आपल्या मनगटाने तो उचलला, उलटा केला, सुलटा केला. "चांगली हायत," त्या म्हणाल्या. "एकदम चांगली हायत. मिटतात का?" सुलभाने मूठ मिटून दाखवली. आक्का खुदकन हसल्या, लहान मुलाने पहिलं पाऊल टाकलं की बायका हसतात तशा.

पाणी घ्यायला म्हणून सुलभा स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. मी डोकावलो. ती उभी राहून एकेक वस्तू बघत होती. पळीच्या, कालथ्याच्या, चमच्याच्या दांड्यांना सायकलची ट्यूब गुंडाळून त्या जाड केल्या होत्या. दाराच्या कडीला मनगट अडकेल एवढा दोरीचा फासा. डब्यांना झाकणं नव्हतीच, वर नुसती कापडं टाकलेली. ओटा बसून काम करता येईल इतका खाली घेतलेला. सुलभाने एक पळी हातात धरून बघितली. ती बरोबर मुठीत बसली.

बाहेर आक्का मला सांगत होत्या, अगदी सहज, गावच्या कुणाची तरी गोष्ट सांगावी तसं. "ह्यो मुंबईला होता तवा. लई मोटं शिकत होता, प्रयोगशाळेत. माजी बोटं धरली. मी म्हटलं, त्याला कळवू नका, परीक्षा हाय त्याची. मग ती झाली, तर दुसरी आली. मग कायतरी त्याचं लिवायचं काम होतं. मी म्हटलं, ते होऊ दे. तो आला तवा हे असं झालेलं." त्यांनी हात वर केले आणि खाली ठेवले. "रडला नाय. परत गेलाच नाय तो. पालगरला नोकरी धरली. मला रोज सांगतो, आतमधी काय होतं, कोण कोणाला टिकली लावतं. मी म्हणते, बाबा, मला सगळं पाट झालंय, तू आदी येणी घाल."

सर शहाळी घेऊन आले. आक्का गप्प झाल्या. पुरणपोळ्या झाल्या, फाटलेल्याही झाल्या. सरांनी पुरणातल्या डाळीवरून प्रोटीनाकडे जायचा एक प्रयत्न केला, पण आक्का म्हणाल्या, "विनू, खा." आणि सर निमूट खाऊ लागले. त्यांचं नाव विनायक आहे, हे मला इतक्या वर्षांत त्या दिवशी कळलं.

जेवणं झाल्यावर सरांनी पुन्हा फणी उचलली. अर्धे केस विंचरायचे राहिले होते. सुलभा उठली आणि तिने ती त्यांच्या हातातून घेतली. "आज मी घालते."

"अहो, तुमची बोटं..."

"माझी बोटं मला माहीत आहेत. बसा तुम्ही."

सर बसले. पडवीच्या खांबाला टेकून, हात मांडीवर टाकून, काय करावं ते न कळल्यासारखे. मी आता काहीतरी व्याख्यान येणार म्हणून तयारीत होतो. आलं नाही. बघता बघता त्यांची मान कलली, चष्मा नाकावर घसरला आणि ते बसल्या जागी झोपले. तोंड किंचित उघडं. खिशातला लाल खडू शर्टाला लागत होता.

"दुपारचा झोपत नाय तो कदी," आक्का कुजबुजल्या. "पहाटेला उटतो. माजं सगळं करून, मग गाडी."

सुलभा सावकाश पेड घालत होती. बोटं अडखळायची, केस सुटायचे, ती पुन्हा धरायची. आक्का डोळे मिटून बसल्या होत्या. समुद्राचा आवाज येत होता. नाक्यावर आमची पालघरची एस.टी. आली, तिने दोनदा हॉर्न दिला. मी अर्धवट उठलो. सुलभाने मान हलवली आणि मी पुन्हा बसलो. गाडी गेली.

वेणी पुरी झाली. फीत बांधायची तेवढी राहिली होती. सुलभाने झोपलेल्या सरांकडे एकदा पाहिलं, मग आक्कांचे केस हळूच मोकळे केले आणि पुन्हा पहिल्यापासून वेणी घालायला घेतली. आक्कांनी मान जरा मागे केली.